लाइनमामाच्या गळ्यातली पिशवी

काही शब्द पाहुण्यासारखे येतात आणि घरच्यासारखे राहतात. आमच्याकडे लाइन हा शब्द तसा आला. कुणी आणला, कुठल्या वाटेनं आला, कुणाला सांगता यायचं नाही. आधी उंबऱ्यावर टेकला, मग आत सरकला, आणि बघता बघता चुलीपाशी मांडी घालून बसला. आता त्याला ऊठ म्हणायची कुणाची छाती नाही. नळ कोरडा पडला की पाण्याची लाइन फुटलेली असते. दुकानापुढं माणसं एकामागं एक उभी राहिली की लाइन लागते. फोनवर पलीकडचं माणूस सापडलं नाही की लाइन मिळत नाही. पोरगं कामाला लागलं की लाइनीला लागलं, आणि काम सोडून चकाट्या पिटायला लागलं की लाइन सोडली. आगगाडीचे रूळ म्हणजे लाइन, वहीतली ओळ म्हणजे लाइन. एखादा पोरगा एखाद्या दारावरून उगाच सायकल फिरवायला लागला तर तीही लाइनच, फक्त ती मारायची असते.

पण दिवे विझले, पंखा थांबला की सगळ्यांच्या तोंडून एकच निघतं, "लाइन गेली." मग बाकीच्या सगळ्या लाइनी मागं पडतात. ही गेलेली लाइन परत आणणारा आमच्या गल्लीत एकच माणूस होता. त्याला लहानथोर सगळे लाइनमामा म्हणत. त्याची सख्खी भाची एकही नव्हती, तरी तो गल्लीचा मामा.

मामा उंच, वाळक्या फांदीसारखे सडसडीत. चालताना नजर कायम वर, तारांवर. त्यामुळं खालच्या माणसांशी त्यांची टक्कर व्हायची आणि वरच्या तारांशी ओळख राहायची. कोणत्या खांबावर कावळ्यानं घर केलंय, कोणत्या तारेला पतंग अडकलाय, कुठला जोड सैल झाला म्हणून वाऱ्यात ठिणगी टाकतो, हे त्यांना घरातल्या भांड्यांसारखं माहीत. खुर्चीत बसलेले मामा कुणी पाहिले नाहीत. चहा उभ्यानं, पेपर उभ्यानं, जेवणसुद्धा एक गुडघा वर घेऊन, म्हणजे अर्धं उभ्यानंच. मामी म्हणायच्या, "यांच्या पायाला भिंगरी आहे. देवानं माणूस करताना बूड द्यायचं राहूनच गेलं."

तरुणपणी मामांनी पुष्कळ धंदे करून पाहिले. सुताराकडं रंधा धरला, छापखान्यात शाई पुसली, बसमध्ये तिकिटं फाडली. कुठंच जीव रमेना. मग तार ओढणाऱ्या टोळीत मजूर म्हणून गेले आणि पहिल्यांदा खांबावर चढले. वर गेल्यावर काय झालं, ते एकदाच बोलले होते: "वर गेलो आणि पायांची खाज थांबली." खाली उतरले की ती पुन्हा सुरू.

टोळी आमच्या गल्लीत आली, तेव्हा मामींच्या माहेरच्या दारापुढच्या खांबाला सगळ्यात जास्त वेळ लागला. सगळे खांब झटपट झाले, तो मात्र संपेना. मामींचे वडील शिंपी. त्यांनी मशिनीवरून मान वर केली नाही, पण त्यांना सगळं दिसत होतं. एके दिवशी त्यांनी खांबाखाली जाऊन हाक मारली, "अरे ए, तुझी लाइन कुठली?"

वरून उत्तर आलं, "विजेची."

"ते दिसतंय. पण इथं मारतोयस ती कुठली?"

ही गोष्ट मामी अजून सांगतात आणि अजून लाजतात. मामा म्हणतात, "खांबच वाकडा होता, म्हणून वेळ लागला." तो खांब आजही उभा आहे, आणि सुतासारखा सरळ आहे.

मामांना एक जोडीदार होता. दोघं एकत्रच कामाला लागले, एकाच सायकलवर डबलसीट फिरले. त्याला आता सगळे डावखुरा म्हणतात. जन्मानं तो डावखुरा नाही. उजवा हात खांद्यापासून गेला, म्हणून तो डावखुरा झाला, आणि हे नाव त्यानं स्वतःच स्वतःला ठेवलं. दुसऱ्यानं ठेवण्याआधी आपणच ठेवावं, असा त्याचा हिशेब.

ते असं झालं. गल्लीच्या टोकाला डीपी आहे, म्हणजे खांबांवर बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याखाली फ्यूजची लोखंडी पेटी. गल्लीची तार दुरुस्त करायची तर आधी त्या पेटीतले चिनी मातीचे तीन पांढरे फ्यूज उपसायचे. ते निघाले की गल्लीची लाइन मेली. मग खांबावर चढायचं. त्या दिवशी डावखुऱ्यानं फ्यूज उपसले आणि पेटीच्या टपावरच ठेवले. सगळेच तसं ठेवत. तो वर चढला. कुणाच्या तरी घरी पाण्याचा पंप बंद पडला होता, माणूस घाईत होता. त्यानं पेटीवर फ्यूज पाहिले, त्याला वाटलं कुणी लावायचे विसरलं, आणि त्यानं ते लावून टाकले. मनात वाईट काही नव्हतं. माणसाला फक्त अंघोळ करायची होती.

मामा खाली होते. त्यांनी जे पाहिलं, त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून त्यांनी फ्यूज कुठंही ठेवायचं सोडलं. उपसलेले फ्यूज ते खिशात घालून खांबावर नेऊ लागले. आपण वर, तर फ्यूजही वर. खाली कुणाला कितीही घाई असो, लावायला हातात काही नको. चिनी मातीचं ते ओझं, खिसे फाटायला लागले. तेव्हा मामींनी जुन्या खाकी पँटीची एक तंगडी कापली, तळ शिवला, पट्ट्याची दोरी लावली आणि गळ्यात अडकवायची पिशवी करून दिली. मशीन माहेरची, शिवण दुहेरी.

नवीन कुणी कामाला आलं की मामा त्याला पिशवी दाखवत आणि एवढंच सांगत, "चढणाऱ्याच्या गळ्यात फ्यूज. जोडीदाराकडं नाही, साहेबाकडं नाही. खाली सख्खा बाप उभा असला तरी त्याच्या हातात नाही द्यायचा."

कुणी हसत म्हणायचं, "मामा, बापावरही भरवसा नाही?"

"बापाला शिंक येते, लघवीला जावं लागतं, कुणी हाक मारली तर तो वळतो. गळ्याला काही होत नाही."

या पिशवीपायी फजितीही झाल्या. एकदा संध्याकाळी काम संपवून मामा घरी आले, हातपाय धुतले आणि ताटावर बसले. ताटात काय वाढलंय ते दिसेना. मामा तडकले. "अजून लाइन कशी नाही? काम करून मला घरी येऊनसुद्धा इतका वेळ झाला. ऑफिसातले झोपलेत की काय सगळे?"

मामींनी शांतपणे भाजी वाढली. "लाइन तुमच्या गळ्यात आहे," त्या म्हणाल्या.

मामा हातातला घास तसाच टाकून पळाले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कुणी उच्चारत नाही, नुसतं गळ्याला हात लावून दाखवतात.

मामांना मुलं दोन, थोरली आणि धाकटा. परसात एक जुना लोखंडी खांब होता, वाकला म्हणून मोडीत काढलेला. मामांनी तो आणून उभा केला होता, कपडे वाळत घालायच्या तारेसाठी. धाकटा त्या खांबाच्या वाटेला कधी गेला नाही. त्याला स्टुलावर चढलं तरी गरगरायचं. थोरली मात्र चालायला शिकली आणि खांबाला मिठी मारून उभी राहिली. मामांनी गंमत म्हणून तिला पाय कसा अडकवायचा ते दाखवलं. मग पट्टा कसा टाकायचा ते. मग वर गेल्यावर खाली का बघायचं नाही ते. पोर माकडासारखी वर जायची आणि वाळत घातलेल्या साड्यांच्या वरून ओरडायची, "बाबा, मला अख्खी गल्ली दिसते." मामा खाली उभे राहून हसायचे. खेळ होता. खेळात काय जातं?

ती शिकली, मोठी झाली. एके दिवशी जेवताना म्हणाली, "बाबा, मी परीक्षा पास झाले."

"कसली?"

"तुमच्याच खात्याची."

मामा खूष झाले. "ऑफिसात घेतील?"

"खांबावर."

मामांनी पाण्याचा तांब्या उचलला, पाणी न पिता खाली ठेवला. "बायकांनी चढायचं काम आहे का ते?"

"चढायची परीक्षाच होती. मुलांच्या आधी वर पोहोचले मी."

"आणि खाली?" मामा म्हणाले. "खाली कसं पोहोचतात माहीत आहे? डावखुऱ्याला विचार."

थोरलीनं पुढचा घास घेतला. मामींनी मात्र ताट उचलता उचलता म्हटलं, "पोरीला खांब कुणी शिकवला? मी तर शिवण शिकवत होते."

पुढं या विषयावर घरात बोलणं झालं नाही. थोरली नोकरीला लागली. तिचं ऑफिस शहराच्या दुसऱ्या टोकाला, काम तिकडच्या भागात. सकाळी डबा घेऊन जायची, संध्याकाळी यायची. मामा तिला काही विचारत नसत. फक्त ती आली की तिच्या हातांकडं बघत. दोन्ही हात आलेत ना, एवढंच.

त्याच सुमाराला मामा निवृत्त झाले, आणि आधीच जे बूड टेकत नव्हतं, त्याला आता टेकायला जागाच उरली नाही. घरात पंखा जरा हळू झाला तरी उठायचे. बल्ब लुकलुकला की चप्पल पायात. वारा सुटला की खुंटीवरची पिशवी गळ्यात, आणि गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या. मामी म्हणायच्या, "अहो, आता तुम्हाला पगार नाही."

"वाऱ्याला ते माहीत नाही," मामा म्हणायचे.

वाऱ्याचं तर निमित्त होतं. आकाशात जरा ढग दिसला की मामांच्या डोळ्यांपुढं शहराचं दुसरं टोक यायचं. तिकडच्या खांबांची त्यांना माहिती नव्हती. तिकडच्या पेट्या कशा आहेत, तिकडचे लोक कसे आहेत, किती घाईत असतात? पोरीनं पिशवी शिवून घेतली आहे का, हे विचारायला जीभ वळवळायची. पण विचारलं तर ती चढते हे मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून गिळायचे. पाण्यातल्या माशाची झोप म्हणतात, तशी त्यांची झोप झाली. दिसायला डोळे मिटलेले, आत फेऱ्या चालू.

बाहेर कुणी विचारायचंच. चहाच्या टपरीवर, न्हाव्याच्या खुर्चीत, गिरणीवर. "मामा, थोरली कुठल्या लाइनला लागली?"

"ऑफिसात आहे," मामा सांगायचे आणि चालू लागायचे.

टपरीवर डावखुरा बसलेला असायचा. तो डाव्या हातानं कप उचलायचा, मामांकडं बघायचा आणि काही बोलायचा नाही. एकदाच म्हणाला, "ऑफिस फार उंच आहे म्हणे तिचं." मामा त्यानंतर आठवडाभर टपरीवर फिरकले नाहीत.

ज्या दिवसाची ही गोष्ट आहे, त्या दिवशी सकाळपासून वारा होता. एका दिशेचा वारा नव्हे, वेड्यासारखा चारी बाजूंनी येणारा. दारं आपटत होती, पत्रे वाजत होते, तारा एकमेकींच्या अंगाला लागायला बघत होत्या. मामांनी घरात इतक्या फेऱ्या घातल्या की मामींनी त्यांच्या हातात दळणाचा डबा दिला. "जा, गिरणीवर जा. निदान पाय तरी कामी येतील." मामांनी डबा घेतला, जाता जाता खुंटीवरची पिशवी आणि जुने रबरी हातमोजेही घेतले.

गिरणीवर लाइन होती. आमच्याकडच्या गिरणीत माणसं लाइनीत उभी राहत नाहीत, डबे उभे राहतात. आपला डबा शेवटी ठेवायचा आणि गप्पा मारायला मोकळं व्हायचं. पुढचा डबा उचलला गेला की ज्याच्या पायाशी जो डबा असेल, तो त्यानं पायानं पुढं सरकवायचा. डबे कधी पुढं घुसत नाहीत, माणसं घुसतात, असं गिरणीवाला म्हणतो. मामांनी डबा ठेवला आणि दारात येऊन तारांकडं बघत उभे राहिले.

तेवढ्यात गल्लीच्या मध्यावरच्या जुन्या झाडाची फांदी मोडली. आधी आवाज आला, मग ठिणगी दिसली, मग तार तुटून रस्त्यावर पडली आणि सापासारखी वळवळली. गिरणीचा पट्टा फडफडत थांबेपर्यंत मामा डीपीकडं धावत सुटलेसुद्धा होते. कुणी त्यांना सांगितलं नाही, त्यांनी कुणाला विचारलं नाही. हातमोजे चढवले, पेटीचं दार उघडलं, तिन्ही फ्यूज उपसले, पिशवीत टाकले. तार मेली. मग त्यांनी रस्ता अडवून उभ्या राहिलेल्या माणसांना मागं सारलं आणि गिरणीवाल्याला सांगितलं, "ऑफिसला फोन लाव."

"लाइन मिळत नाही, मामा."

"पुन्हा लाव."

लाइन मिळाली. गाडी येते म्हणाले. मामा परत येऊन गिरणीच्या दारात उभे राहिले. त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांचा चेहरा जरा निवांत दिसला. गळ्यात ओझं होतं, ओळखीचं होतं, आणि करायचं ते हातून झालं होतं.

गाडी आली. शिडीची गाडी, पुढं गाडीवाला. आणि दुसऱ्या बाजूनं खाली उतरली थोरली.

डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, कमरेला पट्टा, पायात जाड बूट. आमच्या गल्लीनं तिला असं कधी पाहिलं नव्हतं. इकडच्या भागाचा माणूस दुसरीकडच्या तुटलेल्या तारेच्या कामात अडकला होता, म्हणून तिला पाठवलं होतं. ती कुणाकडं न बघता आधी तुटलेल्या तारेपाशी गेली, मग खांबाकडं वर पाहिलं, मग सरळ डीपीकडं गेली. पेटी उघडली. तिन्ही घरं रिकामी.

"फ्यूज कुणी काढले?" तिनं गाडीवाल्याला विचारलं.

"मला काय माहीत? मी तुझ्याबरोबरच आलो."

ती गल्लीकडं वळली. "फ्यूज कुणाकडं आहेत?"

गिरणीपुढच्या गर्दीतून कुणी म्हणालं चोरीला गेले असतील, कुणी म्हणालं जळाले असतील. मामा दारात उभे होते, खाकी पिशवी छातीवर, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही. मामांना पाहून दोघंतिघं गळ्याला हात लावणार होते, पण त्यांचा चेहरा बघून त्यांनी हात खाली घेतले.

त्या क्षणी मामांना एक गोष्ट लख्ख कळली होती. फ्यूज आपल्या गळ्यात आहेत तोवर ती चढणार नाही.

थोरलीनं पिशवी पाहिली. ती पिशवी तिनं लहानपणापासून पाहिली होती, आईच्या मशिनीवर शिवली जाताना पाहिली होती. ती गर्दीतून आली आणि बापापुढं उभी राहिली.

"बाबा, द्या."

"दुसरा माणूस मागव," मामा हळू आवाजात म्हणाले. "वारा बघ कसला आहे."

"तुम्ही वाऱ्यात चढला नाहीत कधी?"

"माझी गोष्ट वेगळी होती."

"दुसरा माणूस संध्याकाळशिवाय यायचा नाही. तार रस्त्यावर पडलीय, शाळा सुटायची वेळ होईल."

मामांनी पिशवीची दोरी मुठीत धरली. मग म्हणाले, "बरं. चढ मग. फ्यूज माझ्याकडं आहेत. मी इथं उभा आहे. मी असताना कोण लावणार आहे?"

थोरली हलली नाही. "माझ्या गळ्यात आल्याशिवाय मी चढत नाही."

"माझ्यावर भरवसा नाही तुझा?"

"नाही," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "सख्खा बाप उभा असला तरी नाही. हे कुणी शिकवलं मला?"

गर्दीत कुणी हसलं नाही. वाऱ्यानं पत्र्यावरचा पाचोळा उडवला आणि सगळ्यांच्या अंगावर टाकला. मामा पोरीकडं बघत नव्हते, तिच्या हातांकडं बघत होते. हातमोजे कमरेला खोचलेले, बोटांवर घट्टे. हे घट्टे कपडे वाळत घालायच्या खांबावरचे नव्हते.

त्यांच्या मनात काय चाललं होतं ते आम्हाला दिसत होतं, कारण त्यांचे पाय दिसत होते. एक पाऊल मागं, एक पुढं, पुन्हा मागं. पिशवी दिली तर पोर वर जाणार. नाही दिली तर आयुष्यभर नव्या माणसांना जे सांगत आले, ते खोटं पडणार, आणि पोर तरी काय, उद्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्या खांबावर चढणारच. इथं निदान डोळ्यांसमोर. पण डोळ्यांसमोर तर तेव्हाही घडलं होतं.

टपरीवरून डावखुरा उठून आला. गर्दीनं त्याला वाट दिली. तो मामांशेजारी उभा राहिला आणि त्यानं पिशवीकडं पाहिलं.

"दोन हात आहेत तुला," तो म्हणाला, "आणि एक दोरी मानेवरून काढता येईना?"

मामांनी दोरी आणखी घट्ट धरली.

"मी एका हातानं काढून देऊ?"

"तू गप बस," मामा म्हणाले.

"गपच होतो इतकी वर्षं. अरे, माझ्या वेळेला ही पिशवी शिवलेली नव्हती. आता शिवलेली आहे. मग ती खाली कशाला ठेवतोस?"

मामांनी त्याच्या रिकाम्या बाहीकडं पाहिलं. वाऱ्यानं ती बाही हलत होती. मग त्यांनी मान खाली घातली, दोरी डोक्यावरून काढली आणि पिशवी पोरीपुढं धरली. द्यायची म्हणून धरली, पण मूठ सुटेना. थोरलीनं ओढली नाही. ती तशीच हात पुढं करून उभी राहिली, बापाची बोटं एकेक करून सैल होईपर्यंत.

तिनं पिशवी गळ्यात घातली. मग ती उघडून तिन्ही फ्यूज हातात घेऊन पाहिले.

"तिन्ही आहेत," मामा म्हणाले. "मी दिलेत."

"मोजल्याशिवाय नाही," ती म्हणाली, आणि मोजून परत टाकले.

मामांच्या ओठाची एक कड किंचित हलली. एवढंच.

पुढचं काम तिनं जसं करायचं तसं केलं. तारेला टेस्टर लावला, दोन्ही बाजूंना साखळ्या टाकून तार जमिनीला जोडली, पट्टा तपासला आणि चढली. सगळी गल्ली मान वर करून बघत होती, फक्त ज्या माणसानं जन्मभर मान वर ठेवली, तो खाली बघत होता. मामा रस्त्यावर पडलेली खांबाची सावली बघत होते. त्या काळ्या पट्टीवरून एक लहान काळा ठिपका पुढं सरकत होता. सावलीत वारा दिसत नाही. ठिपका टोकाशी गेला आणि थांबला. मामांचे पाय मात्र थांबले नाहीत. ते सावलीच्या कडेनं चालत होते, टोकापासून बुडापर्यंत, बुडापासून टोकापर्यंत, सावलीवर पाय पडू न देता.

गिरणीच्या लाइनीतल्या एका म्हातारीनं त्यांना हटकलं. "काय हो, तुमची थोरली ऑफिसात आहे म्हणत होता ना? मग ही कुठली?"

मामा चालायचे थांबले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "हीच. खांबावर आहे. माझ्याच लाइनला आहे."

म्हातारीनं वर पाहिलं, मग मामांकडं. "एवढं साधं होतं, तर इतके दिवस दडवत कशाला होता? ताकाला जाऊन भांडं लपवायचं."

मामा सावलीच्या टोकाशी वळले आणि परत चालू लागले.

तार जोडली गेली. थोरली खाली उतरली, साखळ्या काढल्या, डीपीपाशी गेली. एक, दोन, तीन. आधी गिरणीचा दिवा लागला, मग घराघरांतून रेडिओ, पंखे, मिक्सर एकदम बोलायला लागले. "लाइन आली," पोरं ओरडली. गाडीवाल्यानं शिडी चढवली. थोरली गाडीत बसायला निघाली आणि गळ्यातली रिकामी पिशवी काढून बापाकडं बघितलं.

"राहू दे," मामा म्हणाले. "दोरी जुनी झालीय. आईकडून बदलून घे संध्याकाळी."

गाडी गेली. मामा घरी आले. मामी दारातच उभ्या होत्या. गल्लीतल्या बातमीला चाकं असतात, त्यांना सगळं आधीच कळलं होतं. तरी त्यांनी खुंटीकडं पाहिलं, मग त्यांच्या गळ्याकडं.

"पिशवी?"

"दिली."

"आणि दळण?"

मामा जागच्या जागी उभे राहिले. दळण त्यांच्या ध्यानातही नव्हतं. मामींनी कपाळाला हात लावला, पण त्याच हातानं पदर घेऊन डोळे पुसले, हे मामांना दिसलं. जाता जाता ते थबकले. "त्या जुन्या खाकी पँटीची दुसरी तंगडी आहे ना? ती ठेवून दे. ही फाटली तर लागेल."

ते परत गिरणीवर आले तेव्हा वारा तसाच होता. गिरणी चालू होती, पिठाचा धुरळा दारातून बाहेर पडत होता. मामांनी लाइनीच्या शेवटी आपला डबा शोधला. तिथं तो नव्हता. मधे शोधला, तिथंही नव्हता. कुणाकुणाच्या पायांनी एकेक घर सरकत सरकत त्यांचा डबा सगळ्यांच्या पुढं जाऊन पोहोचला होता.

"मामा, तुमचाच नंबर," गिरणीवाल्यानं हाक मारली.

मामा पुढं झाले. धान्य जात्यात पडत होतं, पट्टा घरघरत होता, आणि मामांचा उजवा हात पुन्हा पुन्हा छातीपाशी जात होता, काहीतरी चाचपत होता आणि मोकळाच खाली येत होता. वर तारा वाजल्या. मामांनी दाराबाहेर डोकावून वर पाहिलं आणि पीठ भरेपर्यंत तिथंच, दारात, या पायावरून त्या पायावर होत उभे राहिले.